बॉक्सरने मध्येच 'पुरे' म्हटलं तर?

२८ नोव्हेंबर २०२०, लंडनमधलं चर्च हाउस. कोरोनामुळे सभागृहात प्रेक्षक नाहीत. दहावी फेरी सुरू होऊन अर्धं मिनिट झालंय. २३ वर्षांच्या डॅनियल डुब्वाचा डावा डोळा सुजून मिटलाय आणि समोरचा जो जॉयस नेमका त्याच डोळ्यावर सरळ ठोसे मारतोय. असाच आणखी एक ठोसा बसतो. डुब्वा एक गुडघा टेकतो. रेफरी आकडे मोजू लागतो. डुब्वा शुद्धीवर आहे, ऐकतोय, पण दहा म्हणून होईपर्यंत तो उठत नाही. लढत संपते.

त्याच रात्रीपासून त्याच्यावर टीका सुरू झाली. जे स्वतः रिंगमध्ये उतरलेले होते अशा माजी बॉक्सरांनीसुद्धा 'याने सोडून दिलं' असं म्हटलं. बॉक्सिंगमध्ये याहून मोठी शिवी नाही. पुढे तपासणीत कळलं की डोळ्याभोवतीचं हाड मोडलं होतं आणि तिथल्या नसेलाही इजा झाली होती.

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये इटलीच्या अँजेला कारिनीने ४६ सेकंदांत लढत सोडली, तेव्हा हा प्रश्न आपल्याकडच्या बातम्यांतही आला. पण चर्चा लगेच तिची प्रतिस्पर्धी इमान खेलिफ हिच्या पात्रतेकडे वळली आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. तो प्रश्न असा: दोघं मारामारी करायलाच रिंगमध्ये उतरलेत, मार बसणार हे दोघांनाही ठाऊक आहे, मग एकाने मध्येच 'मी थांबतो' म्हणणं योग्य आहे का?

माझ्या मते आहे. पूर्णपणे आहे. ते का, हे समजायला आधी खेळ थोडा उलगडून पाहावा लागेल.

## 'सोडणं' म्हणजे नेमकं काय?

मराठीत पंच म्हणजे निकाल देणारा आणि इंग्रजीत पंच म्हणजे ठोसा. घोळ नको म्हणून इथे रेफरी आणि ठोसा असेच शब्द वापरतो. आणखी एक शब्द लागेल, कॉर्नर. प्रत्येक बॉक्सरला रिंगचा एक कोपरा दिलेला असतो. दोन फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात तो तिथल्या स्टुलावर बसतो आणि प्रशिक्षक व मदतनीस त्याला पाणी देतात, जखमा पुसतात, सूचना करतात. या सगळ्या मंडळींना मिळून कॉर्नर म्हणतात.

लढत मध्येच संपण्याचे रस्ते अनेक आहेत. बॉक्सर बेशुद्ध पडतो. किंवा तो स्वतःचं रक्षण करू शकत नाही असं दिसल्यावर रेफरी मध्ये पडतो. रिंगजवळचे डॉक्टर जखम पाहून नको म्हणतात. कॉर्नर टॉवेल फेकतो किंवा 'आता पुरे' असं रेफरीला कळवतो. बॉक्सर स्टुलावरून उठत नाही, गुडघा टेकून दहा आकडे जाऊ देतो, किंवा सरळ हात हलवून नकार देतो.

हे सगळे रस्ते नियमांत बसतात. गुडघा टेकणं ही फसवणूक नाही, पळवाटही नाही. एक गुडघा जमिनीला लागला की त्या बॉक्सरला मारायचं नाही, हा नियमच मुळी त्याला श्वास घेता यावा आणि उठायचं की नाही हे ठरवता यावं म्हणून आहे. दहापर्यंत मोजण्याची पद्धत म्हणजे त्याला दहा वेळा विचारलेला एकच प्रश्न. 'नाही' हे उत्तर चालणारच नसेल तर मोजायचं तरी कशाला?

म्हणजे वाद नियमांचा नाही, मानाचा आहे. बेशुद्ध होऊन हरला तर टाळ्या मिळतात. डॉक्टरांनी थांबवलं तर सहानुभूती मिळते. शुद्धीवर राहून स्वतः थांबला तर मात्र तो पळपुटा ठरतो.

## कुस्तीत हा प्रश्न फारसा का येत नाही?

मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की कुस्ती संपली. चितपट झालेला पैलवान माती झटकतो, उठतो, वस्तादाच्या पाया पडून घरी जातो. हार एका क्षणात होते, आणि ती व्हायला शरीर मोडावं लागत नाही. ज्यूदोत मान किंवा हात आवळला गेला की खेळाडू हाताने दोनदा थोपटतो आणि समोरचा लगेच सोडतो. तिथे थोपटणं ही शिकवणीतली पहिल्या दिवसाची गोष्ट आहे. न थोपटता हात मोडून घेतला, तर गुरू रागावतात.

बॉक्सिंगमध्ये पाठ टेकण्यासारखी खूण नाही. हार आणि इजा यांच्यात अंतर ठेवलेलंच नाही. गुणांवरही निकाल लागतो, पण लढत वेळेआधी संपवायची तर समोरच्याला इजाच करावी लागते, आणि ज्या ठोशाला सर्वांत जास्त दाद मिळते तो हनुवटीवर किंवा कानशिलावर बसलेला असतो. बाकीच्या खेळांत दुखापत हा अपघात असतो, इथे ती साधन आहे. म्हणून थांबण्याचा हक्क इथे सर्वांत जास्त हवा. प्रत्यक्षात तो सर्वांत बदनाम इथेच आहे.

## डोक्याच्या आत काय होतं?

पाणी असलेला नारळ कानाशी धरून हलवला की आत डचमळल्याचा आवाज येतो. आपलं डोकंही काहीसं तसंच आहे. कवटी ही करवंटी, आत द्रव आणि त्या द्रवात तरंगणारा मेंदू. हनुवटीवर बाजूने ठोसा बसला की डोकं गर्रकन वळतं. कवटी वळते तेव्हा मेंदू क्षणभर मागे राहतो, मग तोही वळतो. मेंदूच्या पृष्ठभागापासून बाहेरच्या आवरणापर्यंत जाणाऱ्या बारीक शिरा या ओढाताणीत ताणल्या जातात, कधी फाटतात. आवरणाखाली रक्त साचू लागतं. डॉक्टर याला सबड्युरल हेमॅटोमा म्हणतात. बॉक्सिंगमधल्या मृत्यूंचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे.

यातली सर्वांत भयंकर गोष्ट म्हणजे वेळ. रक्त हळूहळू साचतं. तोवर माणूस उभा असतो, बोलत असतो, लढतसुद्धा असतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो फक्त दमलेला दिसतो. आतला दाब वाढत जातो आणि मग तो कोसळतो, कधी रिंगमध्ये, कधी ड्रेसिंग रूमकडे चालत जाताना.

डोळ्याची गोष्ट याहून साधी, पण तीही समजून घ्यायला हवी. खोबणीच्या तळाचं हाड अंड्याच्या कवचासारखं पातळ असतं. ते फुटलं की डोळा हलवणारा स्नायू त्या फटीत अडकू शकतो आणि एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. समोरून दोन मुठी येताना दिसतायत आणि त्यातली खरी कोणती ते कळत नाही, अशा माणसाने लढत राहावं असं म्हणणं म्हणजे काय, याचा विचार आपण टीव्हीसमोर बसून करत नाही. इंग्लंडच्या केल ब्रूकचं एका बाजूचं हाड सप्टेंबर २०१६मध्ये गोलोव्किनविरुद्ध मोडलं. आठ महिन्यांनी, शेफील्डमध्ये आपल्याच गावकऱ्यांसमोर एरोल स्पेन्सशी लढताना दुसऱ्या बाजूचं गेलं. अकराव्या फेरीत त्याने गुडघा टेकला. त्यालाही टोमणे ऐकावे लागले.

## ठरवायचं कुणी?

घाटातून उतरणाऱ्या एसटीचा ब्रेक नीट लागत नाहीये हे सर्वांत आधी कुणाला कळतं? चालकाच्या पायाला. कंडक्टरला नाही, खिडकीतल्या प्रवाशाला तर नाहीच. चालक म्हणाला, 'गाडी बाजूला घेतो', तर मागून 'अहो, वेळेवर पोचायचंय' असं ओरडण्याचा अधिकार कुणाला नाही.

बॉक्सरचं तसंच आहे. एक डोळा अंधारलाय, कानात शिट्टी वाजतेय, पाय आपले वाटत नाहीत, हे फक्त त्यालाच कळतं. २५ फेब्रुवारी १९९५ला लंडनमध्ये नायजेल बेनविरुद्ध लढणारा अमेरिकेचा जेराल्ड मॅक्लेलन हा त्या काळातला सर्वांत धोकादायक ठोसा असलेला माणूस. पहिल्याच फेरीत त्याने बेनला दोरांमधून रिंगबाहेर पाडलं होतं. पण पुढे तो सारखा डोळे मिचकावू लागला. दहाव्या फेरीत त्याने गुडघा टेकला, उठला, पुन्हा टेकला आणि दहा आकडे होऊ दिले. पाहणाऱ्यांतल्या काहींना वाटलं, याने हाय खाल्ली. काही मिनिटांतच तो आपल्या कॉर्नरमध्ये कोसळला. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. तो जगला, पण दृष्टी गेली, ऐकणं जवळजवळ गेलं आणि उरलेलं आयुष्य इतरांच्या आधाराने काढायची वेळ आली. ज्याला लोक माघार समजले, ती त्याच्या शरीराने मारलेली शेवटची हाक होती.

इथे एसटीची उपमा अपुरी पडते. चालकाचा पाय शाबूत असतो. बॉक्सरच्या बाबतीत मार ज्या अवयवाला बसतोय, निर्णयही त्यालाच घ्यायचाय. मेंदूला स्वतःची वेदना कळत नाही आणि मार खाल्लेला मेंदू 'मला काही झालेलं नाही' असंही सांगू शकतो.

१९ जुलै २०१९ची अमेरिकेतल्या मेरीलँडमधली लढत. रशियाचा मक्सिम दादाशेव अकरा फेऱ्या लढून स्टुलावर बसला होता. प्रशिक्षक बडी मॅकगर्ट त्याला विनवत होते की तू फार मार खातोयस, मी थांबवतो. दादाशेव मानेने नाही म्हणत राहिला. शेवटी मॅकगर्टनी त्याचं न ऐकता लढत थांबवली. तरीही उशीर झालेला होता. रिंगमधून बाहेर पडताना तो कोसळला, शस्त्रक्रिया झाली आणि चार दिवसांनी, वयाच्या २८व्या वर्षी तो गेला.

मॅक्लेलन आणि दादाशेव शेजारीशेजारी ठेवले की मला जे म्हणायचंय ते स्पष्ट होतं. बॉक्सर 'थांबतो' म्हणाला तर त्याचं तत्काळ आणि कारण न विचारता ऐकावं. तो 'मी ठीक आहे' म्हणाला तर त्यावर विसंबू नये. ही दोन वाक्यं एकाच तोंडून येतात, पण त्यांचं वजन सारखं नाही. 'थांबतो' हे वाक्य चुकीचं निघालं तर एक लढत हरली जाते. 'ठीक आहे' चुकीचं निघालं तर माणूस हरपतो. आपली रीत नेमकी उलटी आहे. दुसऱ्या वाक्याला आपण टाळ्या देतो आणि पहिल्यावर संशय घेतो.

## 'पण कुंबळेने तुटलेल्या जबड्याने गोलंदाजी केलीच ना?'

हा आक्षेप मनापासूनचा असतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. २००२मध्ये अँटिग्वात जबडा मोडलेला असताना डोक्याभोवती पट्टी बांधून अनिल कुंबळेने सलग १४ षटकं टाकली, ब्रायन लाराला बाद केलं. ते दृश्य आठवलं की आजही अंगावर काटा येतो. 'मोडेन पण वाकणार नाही' हे आपल्याला लहानपणापासून आवडतं आणि त्यात चूक काही नाही.

पण त्या १४ षटकांत कुंबळेच्या जबड्यावर कुणी नेम धरला नव्हता. लाराची बॅट चेंडूवर होती. बॉक्सिंगमध्ये मोडलेला जबडा हेच पुढचं लक्ष्य असतं आणि समोरच्याने तिथे मारणं हे त्याचं कामच आहे. वेदना सहन करणं वेगळं, आणि दुखऱ्या जागेवर पुन्हा पुन्हा घाव पडू देणं वेगळं.

टोकियो ऑलिंपिकमध्ये, ऑगस्ट २०२१ला, आपला सतीश कुमार चेहऱ्यावर १३ टाके घेऊन उझबेकिस्तानच्या जगज्जेत्या बखोदिर जलोलोव्हसमोर उभा राहिला. टाके उसवले तरी तिन्ही फेऱ्या लढला आणि हरला. त्या दिवशी माझीही छाती अभिमानाने भरून आली होती आणि त्याबद्दल मला आज पश्चात्ताप नाही. तो उतरला ते डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर. जखमा कातडीच्या होत्या, लढत नऊ मिनिटांची होती. पण समजा, त्या सकाळी तो म्हणाला असता, 'नाही उतरत,' तर आपण काय बोललो असतो? त्याच्या धैर्याचं कौतुक करतानाच त्या नकारालाही तेवढाच मान देता आला पाहिजे. नाहीतर ते कौतुक राहत नाही, बळजबरी होते.

## 'लोकांनी तिकिटाचे पैसे मोजलेत'

मोजलेत, खरं आहे. व्यावसायिक बॉक्सरला मानधनही मिळतं. पण तिकीट असतं ते दोन तयार खेळाडूंची प्रामाणिक लढत पाहण्याचं. ती बारा फेऱ्या चालेल अशी हमी कुणी दिलेली नसते. पहिल्याच मिनिटाला कुणी बेशुद्ध पडला तर पैसे परत मागायला कुणी जात नाही, उलट आयुष्यभर 'मी तिथे होतो' म्हणून सांगतो. म्हणजे अडचण लढत लवकर संपण्याची नाहीच.

एक गोष्ट मात्र खरोखर फसवणूक आहे. आधी सौदा करून, हरण्याचे पैसे घेऊन बसणं. तो गुन्हा आहे आणि त्याचा तपास व्हायलाच हवा. फेब्रुवारी १९६४मध्ये मायामी बीचला सनी लिस्टन खांदा दुखावल्याचं सांगून सातव्या फेरीसाठी स्टुलावरून उठलाच नाही आणि तरुण कॅशियस क्ले, म्हणजे नंतरचा मुहम्मद अली, जगज्जेता झाला. तेव्हापासून त्या लढतीभोवती संशय घोंगावत राहिला. पण अशा संशयापोटी स्टुलावर बसून राहणाऱ्या प्रत्येकाला चोर समजणं बरोबर नाही.

## 'इजा नसताना सोडलं तर?'

इथे प्रश्न खरा अवघड होतो. २५ नोव्हेंबर १९८०, न्यू ऑर्लिन्स. पनामाचा रोबेर्तो दुरान, ज्याच्या दगडी मुठींचा धाक जगभर होता, तो शुगर रे लेनर्डविरुद्ध लढत होता. पाचच महिन्यांपूर्वी माँट्रियलमध्ये त्याने लेनर्डला हरवलं होतं. या वेळी लेनर्ड भिडायला तयार नव्हता. नाचत होता, वाकुल्या दाखवत होता. सातव्या फेरीत त्याने उजवा हात गरागरा फिरवून दुरानचं लक्ष तिकडे वेधलं आणि डाव्याने नाकावर ठोसा दिला. सगळं स्टेडियम हसलं. आठवी फेरी संपायला काही सेकंद उरलेले असताना दुरानने हात हलवला आणि पाठ फिरवली. गुणांत तो फक्त एक-दोननेच मागे होता. 'नो मास', म्हणजे 'आता नको', हे शब्द त्याच्या नावाला कायमचे चिकटले. आपण ते उच्चारलेच नाहीत, असं तो पुढे सांगत राहिला. पोटात गोळे आले होते, असं कारण त्याने दिलं. कित्येकांच्या मते तो चिडून गेला.

धरून चालू, की चिडूनच गेला. मला ते आवडलं नाही. चाहत्यांना राग येणार, त्याचं नाव खराब होणार, हेही चालण्यासारखं आहे. पण त्याला तो हक्कच नव्हता, असं मी म्हणणार नाही. कारण थांबायची परवानगी सबळ कारण दाखवल्यावरच द्यायची ठरली, की ज्याच्या डोक्यात रक्त साचतंय तोही पुरावा शोधत बसेल. बाहेर दिसणारं त्याच्याकडे काही नसेल आणि तो लढत राहील. एका चिडलेल्या दुरानला मोकळं सोडण्याची किंमत देऊन पुढचा मॅक्लेलन वेळेत थांबणार असेल, तर ती किंमत मला कमीच वाटते.

शिवाय इजा मनालाही होते. फेब्रुवारी १९९७मध्ये लास वेगासला लेनॉक्स लुइसविरुद्ध लढताना ऑलिव्हर मकॉल रिंगमध्येच रडू लागला, हात खाली सोडून फिरत राहिला. पाचव्या फेरीत रेफरी मिल्स लेननी लढत थांबवली. मकॉल बरीच वर्षं व्यसनाशी झगडत होता. त्याचं मानधन रोखून धरण्यात आलं. मला त्या प्रसंगात पळपुटा कुठेच दिसत नाही. तिथवर जाऊ नये अशा अवस्थेतल्या माणसाला सगळ्यांनी मिळून तिथे नेऊन उभं केलं, एवढंच दिसतं.

## 'असं चालवून घेतलं तर सगळेच सोडू लागतील'

यावर डुब्वाचंच उदाहरण पाहा. डिसेंबर २०२२मध्ये केव्हिन लेरेनाविरुद्ध पहिल्याच फेरीत तो तीनदा खाली पडला. गुडघ्याला गंभीर इजा झाली होती, नीट उभंही राहता येत नव्हतं. तो उठला आणि तिसऱ्या फेरीत जिंकला. २१ सप्टेंबर २०२४ला वेम्बलीवर ९० हजारांहून अधिक लोकांसमोर त्याने अँथनी जोशुआला पाचव्या फेरीत आडवं केलं. २०२०मध्ये ज्याने डोळा वाचवला, तोच हा माणूस. एकदा थांबला म्हणून त्याला थांबायची सवय लागली नाही.

जो वर्षानुवर्षं पहाटे उठून धावतो, वजन उतरवायला उपाशी राहतो, रोज ठोसे खातो, तो चैनीखातर हार पत्करेल, ही कल्पना त्यांना न ओळखणाऱ्यांची आहे. बॉक्सर उगाच सोडतील हा धोका मला वाटत नाही. धोका आहे तो त्यांनी वेळेत न सोडण्याचा. १९८२मध्ये दक्षिण कोरियाचा किम दुक-कू लास वेगासला रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांनी मेला. त्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती हळूहळू पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या. लढत बारा फेऱ्यांची झाली तरी न थांबण्याची सक्ती तीच राहिली.

## मग भार कुणी उचलायचा?

कॉर्नरने. बॉक्सरच्या तोंडून 'पुरे' निघणं इतकं महाग करून ठेवलंय, की ते शब्द दुसऱ्या कुणीतरी त्याच्या वतीने उच्चारावे लागतात. त्यासाठी त्या दुसऱ्या माणसाला अभय हवं. ते नसतं. फेब्रुवारी २०२०मध्ये टायसन फ्युरीविरुद्ध सातव्या फेरीत डिऑन्टे वाइल्डरच्या कानातून रक्त येत होतं, तेव्हा त्याचे सहायक प्रशिक्षक मार्क ब्रेलँड यांनी टॉवेल फेकला. वाइल्डरने त्यांना कामावरून काढलं. अनेक ठिकाणच्या नियमांत टॉवेल पडला म्हणून लढत आपोआप थांबतही नाही, रेफरीने मान्य करावं लागतं. माझं म्हणणं आहे की टॉवेल पडला की लढत तिथेच थांबावी आणि तो फेकणाऱ्याची नोकरी काही काळ तरी सुरक्षित राहील अशी कलमं करारांत असावीत.

१ ऑक्टोबर १९७५ला मनिलाच्या उकाड्यात अली आणि जो फ्रेझर चौदा फेऱ्या लढले. फ्रेझरचे डोळे जवळजवळ मिटले होते. त्याला पंधरावी लढायची होती. त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं आणि लढत संपवली. फ्रेझर त्यानंतर ३६ वर्षं जगला.

अलीच्या कॉर्नरमधला अँजेलो डंडी हा माणूस तर या सगळ्या गोष्टीच्या दोन्ही टोकांना उभा आहे. १९६४च्या त्याच मायामीच्या रात्री, लिस्टनच्या आधी सोडायला निघाला होता तो क्ले. चौथ्या फेरीनंतर डोळ्यांत काहीतरी जाऊन त्याची आग होत होती, दिसत नव्हतं आणि तो ग्लोव्ह्ज कापून टाका म्हणत होता. डंडीने डोळे धुतले आणि त्याला ढकलून रिंगमध्ये पाठवलं. क्ले सावरला, जिंकला आणि डंडीचं ते ढकलणं इतिहासात कौतुकाने लिहिलं गेलं.

सोळा वर्षांनी, २ ऑक्टोबर १९८०ला लास वेगासमध्ये तोच बॉक्सर त्याच माणसासमोर स्टुलावर बसला होता. ३८ वर्षांचा अली लॅरी होम्सचा मार दहा फेऱ्या खाऊन गप्प होता, 'पुरे' म्हणत नव्हता. डंडीने रेफरीला सांगितलं की लढत थांबवा. अलीचा जुना मदतनीस बंडिनी ब्राउन डंडीचा स्वेटर धरून आणखी एक फेरी मागत होता. डंडीने त्याला झिडकारलं आणि रेफरीला पुन्हा तेच सांगितलं.